लहान खोलीत स्टिरिओ लावताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे किंवा नवी मुंबईतल्या सदनिकेत केवळ संगीत ऐकण्यासाठी वेगळी खोली मिळणे अवघडच असते. मिळाली तरी ती बहुधा दहा बाय अकरा फुटांची बेडरूम असते आणि तिच्या एका भिंतीत खिडकी, दुसरीत कपाट व तिसरीत दार असते. पुढील उत्तरे अशाच खोलीसाठी लिहिली आहेत. आकडेमोडीसाठी मी माझ्या ठाण्यातील खोलीची मापे घेतली आहेत: लांबी ११ फूट म्हणजे ३.३५ मीटर, रुंदी १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, उंची ९ फूट म्हणजे सुमारे २.७५ मीटर. भिंती पक्क्या आहेत, जमिनीवर टाइल्स आहेत आणि डोक्यावर पंखा आहे.

एवढ्याशा खोलीत खरोखर चांगले ऐकू येईल का?

येईल. लहान खोलीत श्रोता स्पीकरच्या जवळ बसतो, त्यामुळे स्पीकरचा थेट आवाज भिंतींवरून परतणाऱ्या आवाजापेक्षा ठळक राहतो आणि गायकाचा श्वास, तंबोऱ्याची जवारी, तबल्याची चाट हे सारे तपशील स्पष्ट पोहोचतात. अडचण येते ती खालच्या स्वरांत, आणि तिची कारणे समजली की ती बरीच आवाक्यात आणता येते.

आधी काय घ्यावे: स्पीकर, ॲम्प्लिफायर की आणखी काही?

आधी मोजपट्टी घ्यावी. खोलीचा नकाशा कागदावर काढावा, दार कोठे उघडते, कपाटाचे पल्ले किती पुढे येतात, पलंग हलू शकतो का हे त्यावर लिहावे, आणि स्पीकर व खुर्ची कोठे बसेल हे ठरल्यानंतरच दुकानात जावे. अनेक जण उलट क्रमाने जातात. मोठे, उभे स्पीकर घरी येतात, ते कपाट आणि खिडकी यांच्यामधल्या कोपऱ्यात कोंबले जातात, आणि मग बेस घुमतो म्हणून ॲम्प्लिफायर बदलला जातो. तो दोष ॲम्प्लिफायरचा नसतोच, म्हणून तो बदलून जातही नाही.

माझ्या खोलीत काही स्वर घुमतात आणि काही गायबच होतात. असे का होते?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो. आपल्याकडच्या तापमानाला ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. दोन समोरासमोरच्या भिंतींमधील अंतर जेव्हा एखाद्या स्वराच्या तरंगलांबीच्या बरोबर निम्मे असते, तेव्हा जाणारी आणि परतणारी लाट एकमेकींवर बसून खोलीत स्थिर होते. भिंतीजवळ तो स्वर फुगतो आणि खोलीच्या मध्यावर जवळपास नाहीसा होतो. हिशोब सोपा आहे: ३४५ ला अंतराच्या दुपटीने भागायचे. माझ्या खोलीत लांबीमुळे सुमारे ५१ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ५१ कंपने), रुंदीमुळे ५७ हर्ट्झ आणि उंचीमुळे ६३ हर्ट्झ हे स्वर असे अडकतात. या आकड्यांच्या दुपटीला, तिपटीला आणि भिंतींच्या जोड्यांमध्ये तिरप्या फिरणाऱ्या लाटांमुळे इतर ठिकाणीही तसेच घडते.

मोठ्या सभागृहातही हे होतेच, पण तिथे हे अडकणारे स्वर इतके खाली आणि एकमेकांच्या इतके जवळ असतात की कानाला वेगळे जाणवत नाहीत. लहान खोलीत मात्र ते नेमके संगीताच्या वाटेत येतात. काळी एक स्वरात, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज धरून, गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज (सर्वांत खालच्या तारेचा स्वर) सुमारे ६९ हर्ट्झवर असतो, आणि डग्ग्याचा गाभाही याच परिसरात फिरतो. खोली चौरस असेल, म्हणजे दहा बाय दहा, तर लांबी आणि रुंदी दोन्ही एकाच स्वराला धरतात आणि तो स्वर दुप्पट त्रास देतो. निवडीची संधी असेल तर चौरस खोली टाळावी.

मग स्पीकर नेमके कोठे ठेवावेत?

दोन्ही स्पीकर आणि श्रोत्याचे डोके मिळून समभुज त्रिकोण व्हावा, ही सुरुवातीची मांडणी. माझ्या खोलीत स्पीकर रुंदीच्या भिंतीकडे, म्हणजे लहान भिंतीसमोर आहेत. त्यांच्या पुढच्या फळ्या स्पीकरमागच्या भिंतीपासून ७५ सेंटिमीटर पुढे आहेत, बाजूच्या भिंतींपासून त्यांचे मध्य ६० सेंटिमीटरवर आहेत, त्यामुळे दोघांमध्ये १ मीटर ८५ सेंटिमीटर अंतर उरते. त्रिकोणाच्या हिशोबाने माझे डोके स्पीकरच्या रेषेपासून १ मीटर ६० सेंटिमीटर मागे, आणि पाठीमागच्या भिंतीपासून साधारण एक मीटर पुढे येते. ही मापे जशीच्या तशी उचलू नयेत, पण त्यांच्यामागचे तर्क उचलावेत.

पहिला तर्क असा की स्पीकरमागच्या भिंतीचे अंतर आणि बाजूच्या भिंतीचे अंतर सारखे नसावे, आणि वूफरची, म्हणजे स्पीकरमधल्या खालचे स्वर देणाऱ्या मोठ्या कोनाची, जमिनीपासूनची उंची यांपैकी कोणाशी जुळू नये. स्पीकरमागे गेलेला आवाज भिंतीवरून परतून थेट आवाजाला उलट्या टप्प्यावर भेटला की दोन्ही एकमेकांना मारतात. ७५ सेंटिमीटर अंतराला हा खड्डा सुमारे ११५ हर्ट्झवर पडतो. तिन्ही अंतरे सारखी ठेवली तर तिन्ही खड्डे एकाच जागी पडतात, आणि वेगळी ठेवली तर ते विखुरतात व प्रत्येक उथळ होतो. काळी पाचला लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज जवळपास ११७ हर्ट्झवर येतो, म्हणजे गायिकांच्या मैफिलींत हा खड्डा कोठे लागेल ते उघड आहे. मी स्पीकर पाच-पाच सेंटिमीटर पुढे-मागे करत तो खर्ज परत येईपर्यंत तीन संध्याकाळी घालवल्या, आणि त्या सत्कारणी लागल्या असे मला मनापासून वाटते.

दुसरा तर्क डोक्याच्या जागेचा. खोलीच्या बरोबर मध्यावर बसल्यास लांबीचा पहिला स्वर, म्हणजे माझ्याकडे ५१ हर्ट्झ, ऐकूच येत नाही. भिंतीला पाठ टेकून बसल्यास सगळेच खालचे स्वर फुगतात. खोलीच्या लांबीच्या साधारण एकतृतीयांश अंतर आपल्या पाठीमागच्या भिंतीपासून सोडले की या दोन टोकांमधली जागा मिळते.

तिसरा तर्क सममितीचा. एका स्पीकरशेजारी काँक्रीटची भिंत आणि दुसऱ्याशेजारी उघडे दार अशी स्थिती असेल तर गायक मध्यावर राहत नाही, एका बाजूला सरकतो. दार बंद ठेवता येत असेल तर ऐकताना बंद ठेवावे. खिडकीवर जाड पडदा असेल तर समोरच्या भिंतीवरही साधारण तितकेच शोषणारे काही लावावे.

ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला वरचे स्वर देणारा छोटा भाग, बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीला असावा, म्हणजे खुर्चीवर बसल्यास जमिनीपासून ९५ ते १०० सेंटिमीटरवर. गादीवर मांडी घालून ऐकणाऱ्यांनी स्टँड त्या मानाने बुटके करून घ्यावेत. स्पीकर आतल्या बाजूला किती वळवायचे हे कानाने ठरवावे. आधी थेट श्रोत्याकडे तोंड करावे, आणि आवाज फार टोचरा वाटल्यास हळूहळू बाहेर वळवत जावे.

पाऊण मीटर पुढे घेणे शक्यच नाही. पलंग आडवा येतो.

मग अर्धवट अंतर ठेवू नये, स्पीकर भिंतीच्या शक्य तितके जवळ न्यावेत. त्याने खड्डा वरच्या, कमी त्रासदायक जागी सरकतो. बेस मात्र वाढतो, म्हणून बंद पेटीचे किंवा पुढे छिद्र असलेले स्पीकर निवडावेत. छिद्र मागे असेल तर त्यात स्पंज किंवा घडी केलेला स्वच्छ मोजा घालून पाहावा. हा उपाय पुष्कळदा पुरतो.

खोलीला किती वॅटचा ॲम्प्लिफायर लागेल?

दुकानात सांगतात त्याहून बराच कमी. ८६ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ८६ डेसिबल देतो. पावणेदोन-दोन मीटरवर तो पाच-सहा डेसिबलने उतरतो, पण स्पीकर दोन असल्याने तीन डेसिबल परत मिळतात, आणि खोली त्यात थोडी भर घालते. म्हणजे एका वॅटला खुर्चीवर ८४ डेसिबलच्या आसपास आवाज येतो, जो घरात ऐकण्यासाठी खणखणीतच असतो. शक्ती दुप्पट केली की केवळ तीन डेसिबल वाढतात, म्हणून १६ वॅटला ९६ डेसिबल होतात. ३० ते ५० वॅटचा नीट बनवलेला ॲम्प्लिफायर अशा खोलीला सर्वार्थाने पुरेसा आहे. उरलेले पैसे स्पीकरवर आणि त्याहून आधी खोलीवर खर्च करावेत. लहान खोलीला पाच-साडेपाच इंची वूफरचे, बुकशेल्फ प्रकारचे, म्हणजे स्टँडवर ठेवायचे छोटे, स्पीकर शोभतात. आठ इंची वूफरचे उभे स्पीकर इथे खोलीच्या सर्व दोषांना जाग आणतात.

भिंतींना फोम किंवा अंड्यांचे ट्रे लावले तर?

अंड्यांच्या ट्रेने काहीही साधत नाही, उलट ते धूळ धरतात आणि आगीला निमंत्रण देतात. पातळ फोमचे मी स्वतः अनुभवाने सांगतो. एका दुकानदाराच्या सल्ल्याने मी सुरुवातीला तीन भिंतींवर इंचभर जाडीचा फोम चिकटवला होता. वरचे स्वर मेले, जवारीची चमक गेली, आणि घुमणारा बेस जसाच्या तसा राहिला, किंबहुना अधिकच उघडा पडला. कारण सरळ आहे. शोषणारे साहित्य लाटेच्या लांबीच्या मानाने पुरेसे जाड असावे लागते. ५७ हर्ट्झच्या लाटेचा चौथा हिस्साच दीड मीटर भरतो, तिथे इंचभर फोमचे काय चालणार?

जे खरोखर चालते ते असे. साधारण ४८ किलो प्रतिघनमीटर घनतेच्या रॉकवूलच्या (दगडाच्या तंतूंच्या लोकरीसारख्या साहित्याच्या) ५० मिलिमीटर जाडीच्या दोन पाट्या एकावर एक ठेवाव्यात, दोन बाय चार फुटांच्या लाकडी चौकटीत बसवाव्यात, वर विरळ विणीचे सुती कापड ताणून लावावे, आणि ही चौकट भिंतीपासून दहा सेंटिमीटर अंतरावर टांगावी. मधली हवा शोषणाची पोच खालच्या स्वरांपर्यंत नेते. अशा चार चौकटी पुष्कळ होतात: दोन बाजूच्या भिंतींवर आणि दोन स्पीकरमागच्या कोपऱ्यांत तिरक्या. काम करताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, कारण त्याचे तंतू त्वचेला आणि श्वासाला त्रास देतात.

बाजूच्या भिंतीवर जागा शोधण्याची पद्धत जुनी आणि अचूक आहे. तुम्ही खुर्चीवर बसावे, आणि दुसऱ्या कोणी भिंतीला लावून आरसा सरकवत न्यावा. आरशात स्पीकर दिसेल तिथेच त्याचा आवाज पहिल्यांदा आदळून तुमच्याकडे येतो. चौकट तिथे लावायची.

खर्च करण्याआधी घरातल्या वस्तूंनी प्रयोग करावा. कापसाची गादी कोपऱ्यात उभी करून ऐकावे, समोरच्या टाइल्सवर जाड सतरंजी किंवा दुहेरी गोधडी अंथरावी. खोलीच्या मध्यावर उभे राहून एक टाळी वाजवावी. टाळीमागे ‘तर्रर्र’ असा धातूसारखा आवाज आला तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती एकमेकींकडे आवाज फेकत आहेत. कमीजास्त पुढे-मागे असलेल्या पुस्तकांनी भरलेले कपाट त्या दोहोंपैकी एका भिंतीवर आले की तो आवाज बराच मावळतो.

याने शेजाऱ्यांना होणारा त्रासही कमी होईल ना?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. रॉकवूलच्या चौकटी खोलीच्या आतला आवाज सुधारतात, पण बाहेर जाणारा आवाज अडवत नाहीत. आवाज अडवण्यासाठी वजन आणि फटी बंद करणे या दोनच गोष्टी कामी येतात. विटांची भिंत आपले काम करत असते, दाराखालची बोटभर फट आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीची सैल चौकट मात्र ते वाया घालवतात. दाराला रबराची पट्टी आणि खाली ब्रश बसवल्याने पडणारा फरक शेजाऱ्यांनाही जाणवतो, आणि घोडबंदर रस्त्यासारख्या वाहत्या रस्त्यालगत राहणाऱ्यांना बाहेरचा गोंगाटही तितकाच कमी येतो.

खालचे स्वर मात्र स्लॅबमधून जातात. स्पीकरच्या स्टँडखाली रबराचे तुकडे ठेवल्यास थोडा उपयोग होतो. बाकी वेळेचे भान राखावे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खालच्या मजल्यावरच्या काकूंना एकदा घरी बोलावून, नेहमीच्या पातळीवर गाणे लावून, खाली किती ऐकू येते ते विचारून घेणे हा मला सर्वांत सरळ मार्ग वाटतो.

सबवूफर घ्यावा का?

सबवूफर म्हणजे केवळ सर्वांत खालचे स्वर देणारा वेगळा स्पीकर. स्पीकर आणि खुर्ची जागेवर बसल्याशिवाय तो घेऊ नये. घेतलाच तर तो आधी खुर्चीच्या जागी ठेवून, तंतुवाद्याचे खालचे स्वर असलेले ध्वनिमुद्रण वाजवत, स्वतः जमिनीवर सरकत खोलीभर ऐकावे. जिथे बेस सर्वांत सारखा ऐकू येईल तिथे मग सबवूफर ठेवावा. ८० हर्ट्झच्या आसपास तो स्पीकरना जोडावा.

काहीच वाजत नसताना स्पीकरमधून गुणगुण येते.

आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने ही गुणगुण ५० किंवा १०० हर्ट्झची असते, आणि बहुतेक वेळा ती अर्थिंगचे दोन मार्ग तयार झाल्याने येते. ॲम्प्लिफायर एका सॉकेटवर, संगणक दुसऱ्यावर आणि केबलचा सेट-टॉप बॉक्स तिसऱ्या वाटेने जोडलेला असला की वर्तुळ पूर्ण होते. ॲम्प्लिफायरच्या मागच्या तारा एकेक करून काढाव्यात. जी काढल्यावर गुणगुण थांबते तिथे दोष आहे. सर्व उपकरणे एकाच सॉकेटवरून, एका चांगल्या एक्स्टेंशन बोर्डने चालवली तर बहुतेक तक्रारी मिटतात. पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमुळेही खरखर येऊ शकते. पंखा बंद करून पाहिले की कळते.

एक गोष्ट निक्षून सांगतो: गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नये. तीच पिन धातूची पेटी विजेच्या संपर्कात आल्यास तुमचा जीव वाचवते. जुन्या इमारतीत राहत असाल तर परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग एकदा तपासून घ्यावे.

महागड्या स्पीकर वायरने फरक पडतो का?

या खोलीत पडत नाही. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या पाच मीटर वायरचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.१२ ओहम होतो, जो आठ ओहमच्या स्पीकरपुढे नगण्य आहे. २.५ चौरस मिलिमीटरची साधी लवचिक तांब्याची वायर घेतली की विषय संपला. लाल लालला आणि काळी काळीला दोन्ही बाजूंना तपासून जोडावी. एक जोड उलटी झाली तर बेस पातळ होतो आणि गायक खोलीभर पसरतो.

पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवेतील आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते, आणि खाडीलगतच्या भागांत हवेत खारटपणाही असतो. तबकड्यांवर बुरशी येते, जोडणीच्या पिना काळ्या पडतात, आणि स्पीकरच्या कोनाभोवती फोमची कड असेल तर ती काही वर्षांत भुसभुशीत होऊन तुटते. म्हणून इथे रबरी कडेचे स्पीकर घेणे शहाणपणाचे. तबकड्या उभ्या, बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर, सिलिका जेलच्या पिशव्यांसह ठेवाव्यात. रॉकवूलच्या चौकटी ओल धरणाऱ्या भिंतीला चिकटवू नयेत. मागे सोडलेली दहा सेंटिमीटर हवा इथे दुहेरी कामाला येते. ॲम्प्लिफायर आठवड्यातून दोन-तीनदा तासभर चालू ठेवला तर आतली उष्णताच ओलावा बाहेर ठेवते.

पंखा आणि एसीचे काय?

मे महिन्यात पंख्याशिवाय बसा असे कोणी म्हणू नये. पंखा पहिल्या-दुसऱ्या गतीवर ठेवावा. ऐकण्यापूर्वी अर्धा तास एसी लावून खोली गार करून घेणे हा त्याहून बरा उपाय.

मापन करण्याची गरज आहे का?

असल्यास उत्तम. रूम ईक्यू विझार्ड हे विनामूल्य सॉफ्टवेअर आणि मापनासाठी बनवलेला एक यूएसबी माइक एवढ्याने खोलीचा आलेख काढता येतो. आलेखातले उंचवटे इक्वलायझरने (ठराविक स्वर कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) खाली आणता येतात, पण खड्डे भरता येत नाहीत. खड्ड्यात कितीही शक्ती ओतली तरी भिंतीवरून परतणारी लाटही तितकीच वाढते आणि खड्डा तसाच राहतो. म्हणून खड्ड्यांसाठी खुर्ची व स्पीकर हलवावेत, आणि इक्वलायझर २०० हर्ट्झच्या खालच्या उंचवट्यांपुरताच वापरावा.

सगळे जमले आहे हे कानाने कसे ओळखावे?

मी तीन गोष्टी ऐकतो. पहिली, मोनो ध्वनिमुद्रण. जुन्या मैफिलींचे पुष्कळ मुद्रण मोनो आहे, आणि त्यात गायक दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध, एका जागी उभा राहिला पाहिजे. तो सरकत असेल तर अंतरे किंवा दोन बाजूंच्या भिंती सारख्या नाहीत. दुसरी, डग्ग्यावर मनगट घासून काढलेली मींड. ती खालपासून वरपर्यंत अखंड सरकत जाते, म्हणून खोलीचे दोष तिच्यात लपत नाहीत. मध्येच एखादा स्वर फुगला किंवा मींड एका जागी तुटल्यासारखी वाटली, तर वर सांगितलेला हिशोब पुन्हा करावा. तिसरी, केवळ तंबोरा. चारही तारा वेगवेगळ्या कळाव्यात, जवारीचे वरचे स्वर झिरमिळावेत पण टोचू नयेत, आणि खर्जाची तार वाजली की ती इतर तारांच्या बरोबरीने जाणवावी, खोली थरथरल्यासारखी नव्हे. शक्य असेल तर महिन्यातून एकदा ध्वनिक्षेपकाशिवायची छोटी बैठक प्रत्यक्ष ऐकावी, म्हणजे तुलनेला कानात खरा आवाज राहतो.

तिन्ही गोष्टी जुळल्या की स्टँडच्या चारही कोपऱ्यांना टाइल्सवर रंगीत चिकटपट्टीने खुणा कराव्यात आणि अंतरे कागदावर लिहून ठेवावीत. झाडू-पोछा करताना स्टँड हलतात, आणि चार सेंटिमीटरचा फरक पुन्हा शोधायला एक अख्खा रविवार जातो.